बोगदा दुरुस्तीला बंद होतो तेव्हा: कन्नड घाटाच्या पायथ्याहून मांडलेला हिशोब

चाळीसगावात चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "घाट चालू शे का भो?" विचारणारा कधी कन्नडला सोयऱ्यांकडे निघालेला असतो. कधी त्याची संभाजीनगरच्या खंडपीठात तारीख असते, कधी घरातल्या कुणाला घाटी रुग्णालयात दाखवायचं असतं. उत्तर देणारा ट्रकवाला असो की एसटीचा कंडक्टर, त्याच्या 'हो-नाही'वर विचारणाऱ्याचा अख्खा दिवस ठरतो.

३० ऑगस्ट २०२१ची रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. ३१ तारीख उजाडली तेव्हा तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलेलं होतं आणि चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या कन्नड घाटात, म्हणजे औट्रम घाटात, ठिकठिकाणी दरडी कोसळलेल्या होत्या. चिखल, दगड, त्यात अडकलेली वाहनं. त्यानंतर घाट दीर्घकाळ बंद राहिला. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्याच्या आधी संभाजीनगरला झालं होतं आणि पुढची तपासणी नेमकी सप्टेंबरात होती. नांदगावकडून फिरून जायचं म्हटलं तर एवढा वेळ गाडीत बसणं तिला जमणार नव्हतं. "राहू दे रे, दिसतंय मला," म्हणाली. ती तपासणी झालीच नाही. पुढे डोळ्याचं दुखणं वाढलं, तेव्हा कुठे आम्ही तिला नेलं. रस्ता बंद होणं म्हणजे काय, हे मला नकाशावरून नाही, त्या 'राहू दे रे'वरून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, ही घाटाची गोष्ट झाली, बोगद्याचा इथे काय संबंध? संबंध आहे. या घाटाखालून बोगदा काढायची मागणी आणि आराखडे कितीतरी वर्षं फिरत आहेत. मुंबईकडे जाताना तर आपण खान्देशी माणसं बोगद्याच्या दुनियेत केव्हाच पोहोचलो आहोत. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून कसाऱ्याचा उतार काही मिनिटांत पार होऊ लागला. धुळे-मालेगावकडून मुंबईला जाणाऱ्याला हे वरदानच वाटतं. त्यामुळे आपल्याकडे एक समज पक्का होत चालला आहे, की एकदा बोगदा झाला की रस्ता बंद पडण्याची कटकट कायमची मिटली.

ती मिटत नाही, तिचं रूप बदलतं. घाट पावसाने बंद पडतो, न सांगता. बोगदा बहुतेक वेळा दुरुस्तीसाठी बंद करतात, सांगून, तारीख देऊन. हा फरक फार मोठा आहे, कारण सांगून येणाऱ्या अडचणीची तयारी करता येते. करता येते, म्हणजे कुणीतरी ती करायला हवी.

बोगद्याच्या आत काय काय असतं

बाहेरून पाहिलं तर बोगदा म्हणजे डोंगराला पाडलेलं भोक आणि आत दिवे. आत मात्र बरंच काही चाललेलं असतं. गाड्यांचा धूर बाहेर ढकलणारे छताला टांगलेले मोठे पंखे, दिव्यांच्या रांगा, कॅमेरे, आग लागली तर सूचना देणारी यंत्रं, पाण्याच्या नळ्या, वीज गेली तर चालणारी जनरेटरची सोय, बाजूने वाहणारी गटारं. या सगळ्यामागे काँक्रीटचं अस्तर आणि अस्तराच्या मागे डोंगर.

खरी झुंज या डोंगराशी असते. आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. पाटणादेवीला उभं राहून समोरच्या कड्यांकडे पाहिलं तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. एखादा थर घट्ट काळा पाषाण, एखादा बारीक पोकळ्यांनी भरलेला मुरमाड, मध्येच लाल मातीसारखा मऊ पट्टा. पावसाचं पाणी काळ्या पाषाणातल्या भेगांतून खाली उतरतं आणि मऊ पट्ट्याशी आलं की आडवं सरकू लागतं. त्या वाटेवर बोगदा असेल तर ते अस्तराच्या मागे येऊन थांबतं. त्याला बाहेर जायला वाट दिलेली असते. ती वाट गाळाने बुजली की पाणी अस्तरावर दाब टाकतं, ठिबकतं, लोखंड गंजवतं. झऱ्याचं पाणी विहिरीत कसं येतं हे पाहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. झरा बुजवला तर तो दुसरीकडून फुटतो.

पंखे, दिवे, केबल ही विजेची मंडळी साधारण पंधरा-वीस वर्षांत थकतात. अस्तर त्याहून कितीतरी जास्त टिकतं, पण तेही तपासत राहावं लागतं. तपासणीची जुनी पद्धत अजून जगभर वापरतात: हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. बाजारात मडकं घेताना आपण बोटाने टकटक करतो ना, अगदी तसंच. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर आत काहीतरी सुटलेलं आहे.

हे काम टाळलं तर काय होतं ते जपानने पाहिलं. टोकियोच्या पश्चिमेला चुओ द्रुतगती मार्गावर १९७७ साली सुरू झालेला सासागो नावाचा पावणेपाच किलोमीटरचा बोगदा आहे. त्याच्या छताला काँक्रीटचे जड पत्रे टांगलेले होते. त्यांना धरून ठेवणारे बोल्ट खडकात चिकटद्रव्याने बसवलेले. २ डिसेंबर २०१२ला ते सुटले, शंभराहून जास्त मीटर लांबीचं छत धावत्या गाड्यांवर कोसळलं आणि नऊ माणसं गेली. त्यानंतर जपानने देशातल्या सगळ्या पुलांची आणि बोगद्यांची दर पाच वर्षांनी अगदी जवळून तपासणी करण्याचा नियम केला. म्हणून बोगदा दुरुस्तीला बंद आहे असं ऐकलं की माझी पहिली भावना रागाची नसते. काम होतंय हे चांगलं आहे. प्रश्न एवढाच, की त्या कामाचं ओझं कुणाच्या डोक्यावर पडतंय.

रात्रीपुरता बंद का करत नाहीत?

हा सगळ्यांचा पहिला सवाल असतो आणि तो रास्त आहे. दिवसा लोकांना जाऊ द्या, रात्री काम करा. हिशोब करून बघू.

समजा रात्री दहा ते पहाटे पाच बोगदा बंद ठेवला. सात तास मिळाले. पण शेवटची गाडी बाहेर पडली का हे पाहायचं, दोन्ही तोंडांना अडथळे लावायचे, यंत्रं आत न्यायची, वीज तोडायची, यात तास-सव्वा तास जातो. पहाटे हेच उलट: मलबा उचलायचा, रस्ता धुवायचा, तात्पुरते दिवे काढून कायमचे जोडायचे, पंखे चालतात का पाहायचे. आणखी तास-सव्वा तास. हातात उरले साडेचार तास. जे काम पूर्ण बंद ठेवून, पाळ्या लावून, दिवसाला २० तास या वेगाने ९० दिवसांत होईल, त्याला एकूण १,८०० तास लागतात. तेच रोज साडेचार तासांनी केलं तर ४०० रात्री. वर्ष उलटून जातं.

शिवाय काही कामं रात्रीच्या तुकड्यांत होतच नाहीत. जुनं अस्तर फोडून नवं फवारायचं तर ताज्या काँक्रीटला धरायला वेळ द्यावा लागतो. ते ओलं असताना त्याच्याखालून सकाळची एसटी सोडता येत नाही. दिवे बदलणं, गटार साफ करणं, तपासणी, ही कामं रात्री होतात. छताला हात घालायचा असेल तर बहुतेक वेळा पूर्ण बंद हाच सुरक्षित मार्ग.

जुळा बोगदा असेल तर तिसरी वाट निघते: एक नळी बंद, दुसरीतून दोन्ही बाजूंची वाहतूक. इगतपुरीच्या बोगद्याला ही सोय जन्मतःच आहे. पण तिथेही समोरासमोरची वाहतूक आली की वेग कमी करावा लागतो, ओव्हरटेक बंद करावं लागतं आणि आपल्या चालकांची शिस्त पाहता पोलीस उभे करावे लागतात.

रांग कशी वाढते

जिथे पर्यायी रस्ता अरुंद असतो तिथे आळीपाळीने गाड्या सोडतात. आधी वरच्या, मग खालच्या. घाटात दरड अर्धी बाजूला केल्यावर आपण हे अनेकदा पाहिलं आहे. पाच मिनिटांचं काम आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात दोन तास जातात. असं का होतं ते कागदावर मांडलं की लक्षात येतं.

समजा एक किलोमीटरचा एकेरी तुकडा आहे. घाटात ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तो पार करायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे एका बाजूची शेवटची गाडी सोडल्यावर ती बाहेर पडेपर्यंत तीन मिनिटं रस्ता रिकामा धरून ठेवायचा. दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटं. वीस मिनिटांचा एक फेर धरला तर उरली चौदा, एकेका बाजूला सात. चढावर भरलेला ट्रक सुटायला सहा सेकंद धरा. सात मिनिटांत सत्तर ट्रक, तासाला तीन फेर, म्हणजे एका बाजूने २१० ट्रक.

आता तासाला २५० ट्रक येत असतील तर? दर तासाला चाळीस मागे राहतात. पाच तासांनी २०० ट्रक रांगेत. एका ट्रकला मधल्या जागेसह पंधरा-वीस मीटर लागतात, म्हणजे तीन ते चार किलोमीटरची रांग. त्यातच एखाद्याचा क्लच गेला की संपलंच.

यातून एक गोष्ट दिसते. २५०च्या ऐवजी २०० ट्रक आले असते तर रांग लागलीच नसती. सगळी वाहतूक वळवायची गरज नसते. पाचातला एक ट्रक आधीच दुसऱ्या रस्त्याला लावला की उरलेले चार सुरळीत जातात. म्हणूनच फलक कुठे लावला आहे याला इतकं महत्त्व आहे. घाटाच्या पायथ्याशी 'रस्ता बंद' असा बोर्ड पाहणाऱ्या चालकाकडे मागे फिरण्याखेरीज काही उरत नाही, आणि सोळा चाकांची गाडी तिथे फिरवायची कुठे? तो बोर्ड धुळ्यात हवा, चाळीसगावच्या अलीकडे हवा, पलीकडून येणाऱ्यासाठी संभाजीनगर सोडण्याआधी हवा. जिथे माणूस अजून निवड करू शकतो तिथे. आणि तो मराठीबरोबर हिंदीतही हवा, कारण या महामार्गावर बाहेरच्या राज्यातले ट्रकवालेही असतात.

वळशावरची गावं

रस्ता बंद झाला की सगळं लक्ष अडकलेल्या प्रवाशांकडे जातं. ज्यांच्या दारातून ती वाहतूक वळवली जाते त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

२०२३च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने कन्नड घाटातून अवजड वाहनांना बंदी झाली. घाटातली तासन्‌तासांची कोंडी पाहिलेल्या कुणालाही तो आदेश का आला हे समजतं, आणि मला तो योग्यच वाटतो. पण ट्रक हवेत विरत नाहीत. ते नांदगाव, शिऊर बंगला या बाजूने जातात, किंवा जळगावकडून फर्दापूर-अजिंठा घाट धरतात. न्यायडोंगरीकडच्या रस्त्यालगतच्या माणसाने तो रस्ता बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि दिवसाच्या मोजक्या एसट्यांचा म्हणून ओळखलेला असतो. एके दिवशी तिथून रात्रभर ट्रेलर जाऊ लागतात. अंगणात धूळ, भिंतीला हादरे, शाळेत जाणारी पोरं रस्ता ओलांडायला घाबरतात.

रस्ताही टिकत नाही, आणि त्यामागे एक मोजलेलं कारण आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक दिवसरात्र फिरवून रस्ता कसा खराब होतो याचा मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरतात: आसावरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळापट होते. वजनाचा चौथा घात. एक टनाच्या आसाची छोटी गाडी आणि दहा टनांच्या आसाचा ट्रक यांची तुलना केली तर ट्रकचा एक आस दहा हजार छोट्या आसांइतकी झीज करतो. गावच्या रस्त्याचं डांबर पातळ, खालचा थर काळ्या मातीवर टाकलेला, आणि काळी माती पाणी लागलं की फुगते, उन्हात भेगाळते. असा रस्ता एका पावसाळ्यात उखडला तर त्यात नवल नाही.

त्यामुळे बोगद्याच्या किंवा घाटाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना वळशाच्या रस्त्याचा खर्च त्यातच धरला पाहिजे. आधी मजबुतीकरण, नंतर वाहतूक, आणि काम संपल्यावर पुन्हा डांबरीकरण. नाहीतर महामार्गाची दुरुस्ती होते आणि तिची किंमत दहा गावं पुढची पाच वर्षं खड्ड्यांतून मोजतात.

वळशाचा खर्च ट्रकवाल्यालाही चुकत नाही. समजा फेरा ५० किलोमीटरचा आहे आणि भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो. साडेबारा लिटर डिझेल जास्त. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर अकराशे-बाराशे रुपये एका फेरीला. तो खर्च भाड्यात येतो आणि भाडं शेवटी भाजीच्या, कांद्याच्या भावातून कापलं जातं. रावेर-यावलच्या केळीला तर पैशांहून वेळेचा फटका मोठा. घड उतरवला की घड्याळ सुरू होतं, आणि ताडपत्रीखाली उन्हात रांगेत उभा असलेला माल पिकू लागतो.

घाटाच्या पायथ्याचे धाबेवाले, पंक्चरवाले, चहावाले यांचंही एक जग आहे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे जाणारी-येणारी गाडी. रस्ता बंद म्हणजे शेवभाजीचं पातेलं चुलीवर चढतच नाही. शेतकऱ्याच्या नुकसानीचे पंचनामे होतात, यांचे होताना मी पाहिले नाहीत.

न झालेले प्रवास

वाहतूक मोजणारी माणसं रस्त्यावरच्या गाड्या मोजतात. जी गाडी निघालीच नाही ती त्यांच्या वहीत येत नाही.

पण बंद रस्त्याचा सगळ्यात खोल परिणाम तिथेच असतो. माझ्या आईची तपासणी ही अशीच एक न झालेली फेरी. चाळीसगाव आणि कन्नड तालुक्यांत घाटाच्या दोन्ही अंगांना सोयरिकी आहेत. आखाजीला माहेरी येणारी लेक, श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी जमणारे भाऊबंद, यांच्यासाठी घाट म्हणजे तासाभराचं अंतर. ते तीन-चार तासांचं झालं की सासू म्हणते, पुढच्या वर्षी जा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं खंडपीठ संभाजीनगरला. चाळीसगावच्या बाजूचा पक्षकार सकाळी निघून संध्याकाळी परत यायचा. रस्ता बंद असला की त्याला एक रात्र लॉजवर काढावी लागते, आणि त्याच्या रोजंदारीचे दोन दिवस जातात.

यात सगळ्यांचं सारखं नुकसान होत नाही. स्वतःची गाडी असलेला माणूस दोन तास जास्त चालवतो आणि वैतागतो. काळी-पिवळीवर अवलंबून असलेल्याची ती काळी-पिवळीच बंद होते, कारण वळशाने तिला परवडत नाही. एसटी फिरून गेली तर वाढलेल्या किलोमीटरचं भाडं प्रवाशाने द्यायचं की कसं, विद्यार्थ्याचा पास त्या मार्गाला चालतो का, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. रोज जाणाऱ्या पोरीचं कॉलेज मात्र त्यावरच सुटतं.

उलट बाजूही सांगायला हवी. कन्नड घाट ज्या डोंगरातून जातो ते गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे. ट्रकांची रीघ थांबली की तिथल्या रात्री शांत होतात, बिबट्याला रस्ता ओलांडता येतो. युरोपातल्या मोंट ब्लांक बोगद्याच्या फ्रान्सकडच्या तोंडाशी शामोनी नावाचं खोरं आहे. १९९९च्या आगीनंतर तो बोगदा तीन वर्षं बंद राहिला आणि उघडायची वेळ आली तेव्हा तिथल्या रहिवाशांनी ट्रक परत येऊ नयेत म्हणून निदर्शनं केली. तीन वर्षं त्यांनी धुराविना श्वास घेतला होता.

दुसऱ्यांनी हे कसं हाताळलं

मोंट ब्लांकचीच गोष्ट पुढे नेतो, कारण ती आपल्याला फार जवळची आहे. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा हा ११.६ किलोमीटरचा बोगदा १९६५चा. एकच नळी, दोन्ही बाजूंची वाहतूक तिच्यातूनच. २४ मार्च १९९९ला आत एका ट्रकने पेट घेतला आणि ३९ माणसं दगावली. आता हा बोगदा म्हातारा झाला आहे आणि त्याच्या छताचं काम टप्प्याटप्प्याने चाललं आहे. २०२४ मध्ये २ सप्टेंबरपासून १६ डिसेंबरपर्यंत तो पूर्ण बंद ठेवला. उन्हाळी पर्यटन संपलेलं आणि बर्फावरचं सुरू व्हायचं असा मधला काळ त्यांनी निवडला. त्याच्या आदल्या वर्षी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. सप्टेंबर २०२३पासून बंद ठेवायचं ठरलेलं होतं, पण ऑगस्टच्या अखेरीस शेजारच्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि फ्रान्स-इटली रेल्वेमार्गच तुटला. तेव्हा बोगद्याचं बंद पुढे ढकलून ऑक्टोबरच्या मध्यापासून केलं. एक वाट निसर्गाने बंद केली असताना दुसरी आपण होऊन बंद करायची नाही, एवढं साधं शहाणपण. पावसाळ्यात एकाच वेळी दोन घाटांवर काम काढलेलं पाहिलं की मला हे आठवतं.

स्वित्झर्लंडने वेगळा विचार केला. त्यांचा गोटहार्ड रस्ता-बोगदा १६.९ किलोमीटरचा, १९८०चा, त्यालाही नळी एकच. मोठ्या नूतनीकरणासाठी तो बंद ठेवायचा तर जवळपास तीन वर्षं लागणार होती. पलीकडच्या टिचिनो भागातले लोक म्हणाले, तेवढा काळ आम्ही देशापासून तुटून राहायचं का? प्रश्न थेट जनतेपुढे गेला. २८ फेब्रुवारी २०१६च्या मतदानात ५७ टक्के लोकांनी कौल दिला की आधी शेजारी दुसरी नळी खोदा, ती सुरू करा, मग जुनी दुरुस्तीला घ्या. त्यातही अट अशी, की दोन्ही झाल्यावर प्रत्येकीत एकच मार्गिका चालेल. आल्प्सच्या खोऱ्यांत ट्रक वाढू द्यायचे नाहीत म्हणून.

अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १९३४चा समनर बोगदा आहे, विमानतळाच्या बाजूची वस्ती शहराशी जोडणारा. २०२३ मध्ये ५ जुलै ते ३१ ऑगस्ट तो पूर्ण बंद होता. त्या काळात त्या वस्तीकडे जाणारी मेट्रोची 'ब्लू लाइन' सगळ्यांना फुकट केली होती, फेरीबोटही. बंदीची किंमत प्रवाशाच्या खिशातून न घेता प्रकल्पाने उचलली. आपल्याकडे वळशाने जाणाऱ्या एसटीला मूळ अंतराचंच भाडं ठेवणं ही याच जातीची गोष्ट होईल. फार मोठी रक्कमही लागणार नाही.

आणि एक उदाहरण आपल्याच देशातलं. जम्मू-काश्मीरचा जवाहर बोगदा १९५६चा. सहा दशकं काश्मीर खोरं बारमाही देशाशी जोडून ठेवायचं काम त्याने केलं. २०२१ मध्ये बनिहाल ते काझीगुंड असा साडेआठ किलोमीटरचा नवा जुळा बोगदा सुरू झाला. जुन्याला टाळं लावलं नाही. तेलाचे टँकर, स्फोटकांची वाहनं यांच्यासाठी तो वापरात ठेवला, मग नव्याच्या आधाराने त्याचं नूतनीकरण केलं आणि २०२४च्या अखेरीस तो पुन्हा खुला झाला.

कन्नड घाटाचा बोगदा झाला तर

व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण त्याच्या आनंदात जुना घाट बेवारस होईल ही भीतीही तेवढीच आहे.

बोगदा सुरू झाला की जुन्या रस्त्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. कठडे पडतात, मोऱ्या बुजतात, झाडोरा वाढतो. पंधरा-वीस वर्षांनी बोगद्यातले पंखे बदलायला आले की लक्षात येतं, पर्यायी रस्ताच उरलेला नाही. बोगद्यात ट्रॅक्टर, बैलगाडी, कापसाने दोन्ही अंगांनी फुगलेली ट्रॉली यांना सहसा सोडत नाहीत; ज्वालाग्राही माल नेणाऱ्या टँकरवरही अनेकदा बंधनं असतात. त्यांना जुना घाटच लागेल, बोगदा चालू असतानाही.

म्हणून बोगद्याच्या कंत्राटात घाटरस्त्याची देखभाल लिहिलेली असावी. दरवर्षी पावसाळ्याआधी मोऱ्या साफ, दरडीच्या जागी जाळ्या, हलक्या वाहनांपुरता का होईना पण वापरता येईल असा रस्ता. आणि नळ्या दोनच हव्यात, मध्ये ठरावीक अंतरावर जोडवाटा असलेल्या. एकाच नळीने खर्च वाचतो हे खरं. हिमाचलातल्या अटल बोगद्यालाही नळी एकच आहे, खाली सुटकेची वेगळी वाट काढून. पण तिथे पर्याय म्हणजे रोहतांगची खिंड, आणि हिवाळ्यात ती बर्फाने बंद. आपल्याकडे तर घाट आहे, तो राखला तर.

दुरुस्तीचा काळ निवडणं हे मात्र खरंच अवघड काम आहे. बोगद्याच्या आत पाऊस लागत नाही, म्हणून कुणी म्हणेल पावसाळ्यात करा. पण तेव्हा सगळी वाहतूक घाटावर येईल आणि घाट तेव्हाच सगळ्यात धोक्याचा. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाचा हंगाम. एप्रिल-मे लग्नसराई, त्यातच आखाजी. मधला फेब्रुवारी-मार्च मोकळा वाटतो तर दहावी-बारावीच्या परीक्षा. सगळ्यांना सोयीचा महिना नाहीच. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्चच निवडावा, पण परीक्षेच्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांच्या गाड्यांना घाटात आधी सोडावं आणि दोन्ही अंगांना एकेक रुग्णवाहिका कायम उभी ठेवावी, म्हणजे पेशंटला घाट चढून जायची गरज कमी पडेल. हे ठरवताना चाळीसगावची बाजार समिती, एसटीचा आगारप्रमुख, वळशावरच्या गावांचे सरपंच आणि कन्नडकडची मंडळी एका टेबलाशी बसवायला दोन दुपारी पुरतील.

आणि तारीख जाहीर करायची तर महिनाभर आधी, उघडायच्या तारखेसकट. लांबणार असेल तर तेही आधी सांगायचं. आईला तेव्हा कुणी सांगितलं असतं की घाट अमुक दिवसापर्यंत बंद आहे, तर आम्ही तपासणी पुढे सरकवून घेतली असती, किंवा धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं असतं. आज-उद्या उघडेल या आशेवर आम्ही थांबलो होतो.